मुठीतले माप

धर्मग्रामाच्या दप्तरात बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदी असतात. कोणत्या वर्षी मंदिराची कौले बदलली, कोणत्या वर्षी घंटेला नवा दोर आला, हेही एखाद्या दक्ष पूर्वसूरीने समासात लिहून ठेवलेले सापडते. परंतु धर्मगुरुनिवासाच्या स्वयंपाकघरात काय शिजले आणि ते कोणाच्या हातांनी शिजले, याची नोंद आम्ही अद्याप कोठल्याही वहीत पाहिलेली नाही. त्या घरातले जेवण पहाटेच्या घंटेसारखे असते. ते वेळेवर होते, म्हणून ते कोण करतो हा प्रश्न कोणाला पडत नाही.

आम्हांला तो गेल्या पावसाळ्यात पडला. आमच्या आधीच्या दोन धर्मगुरूंच्या काळापासून या निवासात स्वयंपाक करणारे गृहस्थ गुडघ्यांच्या दुखण्याने थकले आणि मुलाकडे राहावयास गेले. ही वार्ता दुसऱ्या दिवशीच्या मिस्सेपूर्वीच गावभर झाली. आळीआळीने वार वाटून घेतले आणि आमच्या दारात डबे येऊ लागले. वाचकहो, वसईच्या पट्ट्यातील माणसाच्या आतिथ्याबद्दल आम्ही काही सांगावे असे नाही. पण धर्मगुरूला साधा वरणभात पाठवणे येथील कोणत्याही गृहिणीला कमीपणाचे वाटते, हे त्या तीन महिन्यांत आम्हांस चांगलेच उमगले. सोमवार असो की गुरुवार, आमच्या ताटात रोज सण होता. डॉक्टरांनी आमच्या रक्तातील साखरेचा आकडा वाचला, चष्म्यावरून आमच्याकडे पाहिले आणि "फादर, तुम्हांला कोणी साधं जेवण देत नाही का?" असे विचारले. साधे जेवण हवे असेल तर ते आपल्याच हाताने करावे लागेल, हे त्या दिवशी ठरले.

नेमक्या त्याच सुमारास आमच्या धर्मग्रामातील एक मावशी आपल्या राहत्या घरी स्वयंपाकाचे वर्ग घेतात, त्याची सूचना मंदिरात वाचावी अशी विनंती आली. नऊ विद्यार्थी, एक दिवस, सकाळी नऊपासून जेवण होईपर्यंत. शिकवायचे पदार्थ तीन: फुगे, डुकराचे इंदेल आणि बाटली मसाल्याचे कोंबडीचे कालवण. शुल्क सहाशे रुपये, सामान मावशींचे. त्या 'शुल्क' या शब्दावर धर्मग्राम मंडळाच्या बैठकीत पाऊण तास गेला. जी विद्या आईने लेकीला आणि सासूने सुनेला फुकट दिली, ती मंदिरात सूचना वाचून विकायची काय, असा दोघा ज्येष्ठ सभासदांचा आक्षेप होता. आक्षेप मनापासून होता, हे मान्य केले पाहिजे. आपल्या समाजात अजूनही शेजारणीला वाटीभर कालवण देताना कोणी किंमत सांगत नाही आणि ती रीत राहावी असे आम्हांलाही वाटते. शेवटी सूचना वाचली गेली नाही. फाटकाजवळच्या फलकावर लागली. तिच्याखाली नावे लिहिण्यासाठी नऊ रेघा होत्या. पहिल्या रेघेवर आम्ही आमचे नाव लिहिले.

वर्ग दिवाळीच्या सुट्टीतल्या एका मंगळवारी भरला. मावशींचे घर जुने, कौलारू. पुढे ओटा, मागे विहीर आणि केळी. स्वयंपाकघर नऊ माणसांना पुरण्याजोगे नव्हते, म्हणून मागच्या पडवीत दोन लांब टेबले मांडली होती व दोन शेगड्या बाहेर काढल्या होत्या. मावशींचे यजमान कोपऱ्यात विळी घेऊन नारळ खवत बसले होते. त्यांनी दिवसभरात मान वर करून एकच वाक्य उच्चारले, ते पुढे येईल. विद्यार्थ्यांत अंधेरीच्या एका बँकेत नोकरी करणारी नवविवाहिता होती, दोघी जावा होत्या, महिन्याभरात कॅनडाला निघालेला एक तरुण होता, शेजारच्या पाड्यावरील एक हिंदू भगिनी होत्या (त्यांच्या मुलीचे आपल्या समाजातील मुलाशी लग्न ठरले होते), रेल्वेतून निवृत्त झालेले एक मोटरमन होते आणि कॉलेजच्या दोन मुली होत्या. शिवाय आम्ही. सर्वांत वयस्कर मोटरमनकाका, आणि सर्वांत अडाणी कोण याबद्दल मावशींना पहिल्या पाच मिनिटांतच शंका उरली नसावी.

प्रास्ताविक असे काही झालेच नाही. "घड्याळं, अंगठ्या काढा. हात कोपरापर्यंत धुवा." एवढेच. मिस्सेत अर्पणाच्या वेळी आम्ही बोटांची टोके धुतो. इथे मावशींनी आमच्या बाह्या वर सारायला लावल्या आणि नखे तपासली. फादर म्हणून सवलत नव्हती. त्या मोकळेपणाने आम्हांला फार बरे वाटले. लोक आमच्याशी बोलताना नेहमी एक पायरी खाली उभे राहतात; शिकणाऱ्या माणसाला तशी पायरी परवडत नाही.

प्रथम फुग्यांचे पीठ, कारण त्याला वेळ लागतो. फुगे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत उंबराचे पाणी आणणाऱ्या आपल्या समाजात फुग्यांवाचून मांडव उठत नाही. परंतु खाणारा फुगा ओळखतो तो तळलेला, गोल, सोनेरी, आतून पोकळसर. पातेल्यातला फुगा आम्ही त्या दिवशी प्रथमच जवळून पाहिला. एक किलो मैदा, चार अंडी, एका नारळाचे घट्ट दूध, थोडे लोणी, साखर, मीठ आणि यीस्ट. पूर्वी यीस्टच्या जागी ताडी असे. ताजी ताडी झाडावरून उतरल्यापासूनच आंबू लागते आणि तिच्यातले सूक्ष्म जीव पिठालाही फुगवतात. "आमच्याकडे ताडी घालणारा माणूस आता झाडावर चढत नाही, त्याचा मुलगा वसई स्टेशनला रिक्षा चालवतो. म्हणून पुडी," मावशी म्हणाल्या. त्यांच्या स्वरात खंत नव्हती, माहिती होती. नारळाचे दूध कोमट हवे. किती कोमट? "बोट बुडवून दहापर्यंत मोजता आलं पाहिजे. आठालाच बाहेर काढलंत तर दूध गरम आहे, यीस्ट मरेल."

हे पीठ मळत नाहीत. ते इतके सैल असते की मळताच येत नाही. पातेल्यात हात घालायचा, तळापासून पीठ उचलायचे, वर ओढायचे आणि पुन्हा आपटायचे, पंचवीस मिनिटे. पहिली दहा मिनिटे ते कोपरापर्यंत चढते आणि माणसाला वाटते की हा हात आता आपला राहिला नाही. मग हळूहळू काहीतरी घडते. गव्हातील प्रथिने एकमेकांत गुंतून त्यांची जाळी होते आणि त्या जाळीत पुढे यीस्टचा वायू अडकून पीठ फुगते, असे शास्त्र सांगते. ते शास्त्र आम्ही नंतर वाचले. पातेल्याजवळ उभे असताना एवढेच कळले की पीठ जड होते ते हलके झाले, ओबडधोबड होते ते रेशमी झाले आणि पातेल्याची कड सोडू लागले. मावशींनी शेजारच्या पातेल्यात आपला हात घालून आमचा हात त्यात ओढून घेतला. "हे बघा फादर. असं लागलं पाहिजे." मग पुन्हा आमच्या पातेल्यात. "आणि हे अजून असं आहे. पाच मिनिटं आणखी." त्या दोन स्पर्शांमधला फरक आम्ही येथे लिहू शकत नाही. मराठीत, इंग्रजीत वा लॅटिनमध्ये त्याला शब्द असेल असे वाटत नाही. असता तर मावशींनी हात ओढला नसता.

मत्तयच्या शुभवर्तमानातील खमिराच्या दाखल्यावर आम्ही आजवर अनेक प्रवचने केली आहेत. एक स्त्री तीन मापे पिठात खमीर मिसळते, असा तो दाखला आहे. ती तीन मापे म्हणजे आपल्या हिशेबाने पस्तीस-चाळीस लिटरांच्या आसपास पीठ होते, हे भाष्यकार सांगतात आणि आम्हीही सांगत आलो. एक किलो मैद्याने आमचा खांदा भरून आला, तेव्हा त्या स्त्रीच्या खांद्याचा विचार प्रथमच मनात आला. स्वर्गाच्या राज्याची तुलना खमिराशी आहे हे खरेच. पण ते खमीर कोणीतरी हाताने मिसळले होते.

पीठ झाकून उन्हात ठेवले आणि इंदेलकडे वळलो. मांस मावशींनी आदल्या रात्रीच मुरवून ठेवले होते. आमच्याकडून वाटण करवून घ्यायचे होते. काश्मिरी मिरच्या, लसूण, जिरे, हळद, मिरी. हे सारे वाटायचे ते पाण्यात नव्हे, सिरक्यात. मिक्सर होताच, पण पहिली मूठ पाट्यावर वाटावी असा त्यांचा आग्रह. "बारीक म्हणजे किती बारीक, ते वरवंट्याखाली कळतं. मग मिक्सर लावा, माझं काही म्हणणं नाही."

इंदेलची कथा मोठी गमतीची आहे. पोर्तुगीज खलाशी मांस टिकावे म्हणून ते द्राक्षमद्य आणि लसूण यांत मुरवीत असत. त्यांच्या भाषेतले त्या पदार्थाचे नाव 'विन्या द आल्योश' असे काहीसे उच्चारले जाते. आपल्या किनाऱ्यावर द्राक्षमद्य नव्हते, ताडीचा सिरका होता. तो त्याच्या जागी आला. अमेरिकेतून आलेली मिरचीही पोर्तुगिजांच्याच गलबतांतून या देशात उतरली. नाव झिजत झिजत गोव्यात विंदालू झाले, आपल्याकडे इंदेल. वसई १५३४ साली पोर्तुगिजांच्या हाती गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली. दोनशे वर्षांची सत्ता काही महिन्यांच्या वेढ्याने संपली. किल्ल्यातील मठ आणि मंदिरे पडली, त्यांच्या भिंतींवर आज पिंपळ उगवले आहेत. पण घरांतल्या पाट्यावरचा सिरका, मिरची आणि लसूण तसेच राहिले. त्या पाककृतीला किल्ल्यासारखा तट नव्हता, तिच्यासाठी कोणी ताम्रपट कोरला नव्हता. एका बाईने दुसरीच्या हातात वरवंटा दिला, एवढीच तिची परंपरा. इतिहासाच्या पुस्तकांत लढाईला जितकी पाने मिळतात, तितकी या हस्तांतराला मिळत नाहीत, हे आम्हांला अन्यायाचे वाटते.

मीठ घालायची वेळ आली आणि बँकेतल्या मुलीने पिशवीतून एक छोटा डिजिटल काटा काढला. "मावशी, किती ग्रॅम?" मावशी हसल्या. "मला काय ठाऊक? पाच बोटांत मावेल तेवढं." मुलगी हटली नाही. तिने काट्यावर वाटी ठेवली आणि मावशींना म्हणाली, "तुम्ही घाला, मी बघते." मावशींनी पाच बोटांची चिमूट वाटीत सोडली. अकरा ग्रॅम. वाटी रिकामी करून पुन्हा. बारा. पुन्हा. अकरा. पडवीत क्षणभर कोणी बोलले नाही. कोपऱ्यातून यजमानांचा आवाज आला, "पंचेचाळीस वर्षं तेवढंच घालतेय." हेच त्यांचे ते एकमेव वाक्य.

आम्हांला वाटले, आता मावशी काट्याची थट्टा करतील. त्यांनी उलटेच केले. "लिहून ठेव," त्या मुलीला म्हणाल्या, "अकरा-बारा. सगळं लिही. माझ्यानंतर माझी मूठ कुठं शोधत बसाल?" त्यानंतर दिवसभर तो काटा टेबलावर राहिला आणि मावशी प्रत्येक चिमूट आधी त्याच्यावर टाकू लागल्या, जणू त्यांनाही आपल्या बोटांना काय काय ठाऊक आहे हे प्रथमच कळत होते.

'अंदाज' हा शब्द आपण फार हलका करून टाकला आहे. अंदाजे म्हणजे ढोबळ, बेहिशेबी, असे आपण समजतो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांच्या ग्रंथांत एक संज्ञा आम्ही घोकली होती: हाबितुस. वारंवार केल्याने अंगी बाणलेली, प्रकृतीचाच भाग झालेली गुणशक्ती. परीक्षेत आम्ही तिच्यावर दोन पाने लिहिली होती. थॉमस कारागिराच्या कौशल्यालाही बुद्धीचा सद्गुण मानतात, म्हणजे ते केवळ हाताचे चापल्य नव्हे, ते जाणणेच आहे. अकरा, बारा, अकरा या तीन आकड्यांनी ती दोन पाने आमच्यापुरती पुरी केली. मावशींचा अंदाज काट्याहून ढोबळ नव्हता. काट्याला जे करायला बॅटरी लागते, ते त्यांच्या बोटांत पंचेचाळीस वर्षांच्या मिठाने लिहिलेले होते.

तिसरा पदार्थ कालवण. त्यासाठी मावशींनी आधीच सांगून ठेवले होते की ज्यांच्या घरी बाटली मसाला आहे त्यांनी दोन चमचे घेऊन यावे. हा मसाला आपली ओळखच म्हटली पाहिजे. एप्रिल-मेच्या कडक उन्हात मिरच्या, धणे, हळद, तीळ, खसखस, मोहरी वाळवायची; लवंगा, दालचिनी, दगडफूल, नागकेशर, मायपत्री; शिवाय भाजलेले गहू आणि हरभऱ्याची डाळ. वीसच्या वर जिन्नस. प्रत्येक वेगळे भाजायचे, कारण प्रत्येकाची करपण्याची वेळ वेगळी. मग ते कुटून गडद रंगाच्या बाटल्यांत दाबून दाबून भरायचे, की पावसाळ्यात ना हवा लागावी ना उजेड. जिन्नस बहुधा तेच, पण प्रमाण प्रत्येक घराचे आपले. टेबलावर बशा मांडल्या गेल्या तेव्हा ते डोळ्यांनीच दिसले. एक मसाला विटकरी, एक शेंदरी, एक जवळजवळ काळपट. दोघी जावांच्या बशाही एका रंगाच्या नव्हत्या, आणि त्यांचे एकमेकींकडे पाहून हसणे बघता त्यामागे काही कथा असावी.

मोटरमनकाकांनी बशी आणली नव्हती. त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली अख्खी बाटली काढली. तिच्या बुडाशी चार बोटे मसाला उरला होता. तो त्यांच्या पत्नीने केलेला. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात तिने तो भरला आणि त्याच वर्षी नाताळाच्या आधी ती गेली. अंत्यविधीची मिस्सा आम्हीच अर्पण केली होती. काका त्यानंतर दर रविवारी मंदिरात तिसऱ्या बाकावर एकटे बसतात. आम्ही विचारपूस करतो, ते "बरं आहे" म्हणतात. त्या बाटलीविषयी त्यांनी आम्हांला कधी सांगितले नव्हते, आणि का सांगावे? धर्मगुरूला माणसे दुःख सांगतात. मसाला संपत आला आहे हे सांगत नाहीत. "मला कालवण करता येत नाही," काका मावशींना म्हणाले, "म्हणजे शिकेन. पण हे संपलं की तसं कालवण पुन्हा होणार नाही. म्हणून वापरतही नाही."

मावशींनी बाटली उघडली. वास घेतला. मग तळहातावर चिमूटभर घेऊन जिभेला लावला आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. "गहू जास्त भाजलेत तिनं. मुद्दाम. आणि नागकेशर माझ्यापेक्षा जास्त आहे." पुन्हा जिभेला लावला. "खसखस कमी. तीळ बरोबर. तिची आई आगाशीकडची का?" काकांनी मान हलवली. होय, आगाशीचीच. "मग बरोबर," मावशी म्हणाल्या. त्यांनी बँकेतल्या मुलीला सांगून हे सारे वहीत उतरवून घेतले. "मे महिन्यात या. ही बाटली घेऊन या. अर्धा किलो करून बघू. पहिल्या खेपेला जमणार नाही, दुसऱ्या खेपेला जवळ येईल." मग थांबून म्हणाल्या, "पण आज यातला एक चमचा कालवणात घालायचा. मसाला बाटलीत ठेवायला करत नाहीत."

काकांनी चमचा स्वतः घातला. हात थरथरत होता, वयामुळेही असेल. त्या अंत्यविधीत आम्ही पुनरुत्थानावर बोललो होतो आणि त्यातील एकही शब्द आम्ही आज मागे घेणार नाही. तरीही त्या बाईचे जे काही या पृथ्वीवर उरले होते, ते ओळखण्याची विद्या त्या पडवीत मावशींजवळ होती, आमच्याजवळ नव्हती.

दुपारी एकच्या सुमारास पीठ दुप्पट झाले आणि तळणाला सुरुवात झाली. फुगा सोडण्याची रीत अशी: हात पाण्याने ओला करायचा, पीठ मुठीत घ्यायचे आणि मूठ आवळायची. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून पीठ बुडबुड्यासारखे वर येते. ते तेथेच तोडून तेलात सोडायचे. तेल मध्यम हवे. फार तापलेले असले तर बाहेरून रंग येतो आणि आत कच्चे राहते. चांगला फुगा तेलात आपला आपण कूस बदलतो. मावशींच्या मुठीतून ते एकामागून एक लिंबासारखे गोल निघत होते. कॅनडाच्या तरुणाचे बरे निघाले. पाड्यावरच्या भगिनींचे तर मावशींच्या तोडीचे, कारण भजी सोडण्याचा त्यांचा हात आधीच तयार होता. "ह्यांना कोण हरवणार?" असे म्हणून मावशींनी दुसरी कढई त्यांच्याच ताब्यात दिली. लेकीच्या लग्नात व्याह्यांच्या मांडवात त्या फुगे तळतील अशी आमची खात्री आहे. आमच्या फुग्यांना शेपट्या होत्या. गुरुदीक्षेच्या दिवशी बिशपांनी या तळहातांना पवित्र तेल लावले होते. तेलाची ही दुसरी ओळख अधिक तापलेली निघाली. "शेपटीचे फादरांच्याच ताटात वाढा," मावशी म्हणाल्या.

जेवताना तो बैठकीतला विषय निघालाच. मावशींच्या कानावर तो गेला होता हे उघड होते. दोघी जावांपैकी थोरलीने भीतभीत विचारले, मावशी, लोक म्हणतात आमच्या सासवांनी कुठे फी घेतली होती. मावशींनी इंदेलचा घास संपवला. "माझ्या सासूनं फी घेतली नाही," त्या म्हणाल्या, "पण चार वर्षं भांडी घासून घेतली आणि मग मसाल्याचं प्रमाण सांगितलं. तेही अर्धंच. सहाशे रुपये स्वस्त आहेत गं."

सारे हसले, काका सर्वांत जास्त. पण त्या वाक्याचा विचार आम्ही नंतर बरेच दिवस केला. ही विद्या फुकट कधीच नव्हती. तिची किंमत सुनांनी वर्षांनी मोजली, आणि ती रोख नसल्यामुळे आपण तिला प्रेम म्हटले. प्रेम होतेही, ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु पहाटेची विरार लोकल पकडून संध्याकाळी साडेसातला परतणाऱ्या सुनेजवळ ती चार वर्षे नाहीत, आणि असती तरी ती भांडी घासण्यात घालवावीत असे आम्ही तिला सांगणार नाही. मग विद्येने दुसरे दार शोधले, तर त्या दारावर सहाशे रुपयांची पाटी असल्याचे वैषम्य का वाटावे? मिस्सेच्या अर्पणदानाची पावती आपण घेतोच; त्याने कोणाची भक्ती उणावत नाही. मावशींनी हिशेबही लपवला नाही. नऊ जणांचे पाच हजार चारशे. मांस, कोंबडी, अंडी, तेल, नारळ व गॅस वजा जाता जे उरले ते त्यांच्या स्वतःच्या नावच्या पासबुकात जाते. "हे माझं पहिलं खातं," त्या म्हणाल्या. त्या अडुसष्ट वर्षांच्या आहेत.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठासाठी जी नियमावली लिहिली, तिच्यात स्वयंपाकघराची पाळी आठवड्याआठवड्याने प्रत्येक बंधूवर येते; आजारपण वा तसेच महत्त्वाचे काम असल्याखेरीज कोणालाही सूट नाही. पाळी संपली की भांडी स्वच्छ आणि धड परत करायची आणि मठातील भांड्याकुंड्यांची काळजी वेदीवरील पवित्र पात्रांसारखी घ्यायची. हे सारे आम्ही सेमिनरीत वाचले होते आणि त्यातील आध्यात्मिक अर्थही शिकलो होतो. त्या मंगळवारी जेवणानंतर विहिरीजवळ बसून कढई घासताना मात्र आम्हांला असे वाटले की बेनेडिक्टांचा हेतू बराचसा व्यावहारिकही असावा. रोज जेवणाऱ्या माणसाला कढईचे वजन ठाऊक असावे, इतकाच. लाझरसच्या घरची मार्था कामात गढून गेली म्हणून प्रभूने तिला जे सांगितले ते सर्वांच्या स्मरणात असते. योहानच्या शुभवर्तमानात पुढे बेथानीत पुन्हा भोजन होते तेव्हाही वाढणारी मार्थाच असते, हे फारसे कोणी सांगत नाही. तेथे तिला कोणी थांबवले नाही.

आता आमच्या निवासात आठवड्यातून चार दिवस आम्ही स्वतः शिजवतो आणि तीन दिवस डबे येतात. आळीतल्या भगिनींचा मान राखण्यासाठी ही तडजोड करावी लागली. वरणभात, एक भाजी, कधी बोंबलाचे कालवण. डॉक्टर समाधानी आहेत. फुगे आम्ही पुन्हा केलेले नाहीत. एका माणसासाठी किलोभर पीठ आपटण्यात अर्थ नाही, फुगे हे मांडवाचेच खाणे. कॅनडाहून त्या तरुणाने मावशींना फुग्यांचे छायाचित्र पाठवले आहे. त्यांनी ते आम्हांला दाखवले आणि बारकाईने पाहून म्हणाल्या की तेल कमी तापले होते. बँकेतल्या मुलीची वही आता चाळीस पानांची झाली आहे. तिची एक प्रत धर्मग्रामाच्या कपाटात, बाप्तिस्म्याच्या वह्यांशेजारी ठेवावी असा प्रस्ताव आम्ही मंडळापुढे मांडला आहे. त्यावर पुढच्या बैठकीत चर्चा होईल, आणि ती पाऊण तासात संपेल असे वाटत नाही.

मे महिन्यात मसाल्याचा वर्ग आहे, दोन दिवसांचा. मोटरमनकाकांनी नाव दिले आहे, आम्हीही दिले आहे. मावशींनी निरोप पाठवला आहे की मिरच्या प्रत्येकाने आपापल्या आणाव्यात, आधी दोन दिवस उन्हात घालून आणि देठ काढून. देठ काढत बसायला पडवीत वेळ मिळणार नाही.